एकादशीच्या ताटलीतला हिशेब

आषाढी एकादशी आली की मधुमेह असलेल्या माणसापुढे साबुदाण्याची खिचडी येते, आणि तिच्याबरोबर एक धर्मप्रश्नही येतो. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ५३ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यात एक बटाटा चिरून घातला की आकडा सत्तरीकडे सरकतो. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतही जवळपास तेवढीच कर्बोदके असतात, पण भाकरीत तंतू आणि प्रथिने असतात. साबुदाण्यात ती नावालाच. इन्सुलिन घेणारे बरेच जण १५ ग्रॅमचा एक भाग धरून डोस ठरवतात. त्या हिशेबाने ही ताटली पाच भागांना टेकते.

देवाच्या दिवशी असे ग्रॅम मोजत बसावे का? अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना त्यात श्रद्धा उणी पडल्यासारखी वाटते.

खरे तर मोजमाप व्रताच्या हाडातच आहे. तिथी पाहायची, पारण्याची वेळ सांभाळायची, चालणाऱ्या-न चालणाऱ्या पदार्थांची यादी पाठ ठेवायची. आणि ती यादी तरी कुठे अनादी आहे? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सारी पिके अमेरिका खंडातून युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत इकडे पोचली. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या वारकऱ्याच्या एकादशीत यातले काहीच नव्हते. उपवासाचे पदार्थ काळाबरोबर बदलत आले आहेत, तर एखाद्याच्या आजारापायी ते बदलायला हरकत कसली?

शास्त्रकारांनी ही वाट आधीच मोकळी ठेवली आहे. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींच्या परंपरागत यादीत पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्या जोडीला औषधही आहे. रक्तातली साखर ७० च्या खाली उतरली, की साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यातून लगेच घ्यायची असते. त्या घटकेला ती साखर औषधच असते. शरीराला पीडा देणाऱ्या तपाला तर गीतेच्या सतराव्या अध्यायाने आसुरी वृत्तीत बसवले आहे. हात थरथरत असताना, घाम फुटला असताना साखर नाकारणे ही भक्ती नव्हे.

तेव्हा एकादशीच्या आधीच डॉक्टरांना उपवासाचा बेत सांगा. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. खिचडी हवीच असेल तर अर्धी वाटी मोजून घ्या, सोबत दही आणि काकडी ठेवा. आणि घरातल्यांनी त्या माणसाला आणखी वाढण्याचा आग्रह करू नये.