श्वास सर्वांचा सारखाच

मराठीत 'प्राण' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. प्राण म्हणजे श्वास आणि प्राण म्हणजे जीवही. ज्या वायूवर आपण जगतो त्यालाही आपण प्राणवायू म्हणतो. परंतु श्वसन म्हणजे छातीचा भाता हलणे, एवढाच आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः फुप्फुसे ही केवळ वेस आहे. खरे श्वसन आत, शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत चालते.

आपण खाल्लेल्या भाताचे वा भाकरीचे पचनानंतर ग्लुकोज होते. पेशीत शिरल्यावर त्याच्या रेणूचे प्रथम दोन तुकडे होतात. ते पुढे तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म अंगकात जातात. तेथे रासायनिक क्रियांचे एक चक्र फिरत असते. त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. विहिरीवरून हातोहात घागरी पुढे द्याव्यात, तसे हे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपविले जातात. अखेरीस प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो आणि त्याचे पाणी होते. या देवघेवीत मोकळी होणारी ऊर्जा 'एटीपी' नावाच्या रेणूंत बांधली जाते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे असे सुमारे ३० रेणू मिळतात. हृदयाचा ठोका काय नि मनातला विचार काय, सारे त्यांच्यावरच चालते. शरीरापाशी त्यांचा साठा इतका तुटपुंजा असतो, की प्राणवायू काही मिनिटे थांबला तरी मेंदूला इजा होऊ लागते.

हे चक्र १९३७ साली हान्स क्रेब्ज यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे उलगडून दाखविले. क्रेब्ज मूळचे जर्मन. फ्रायबर्ग येथील त्यांची नोकरी १९३३ साली नाझी राजवटीने काढून घेतली. कारण एवढेच, की ते ज्यू वंशाचे होते. निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेल्या या माणसाने जे चक्र शोधले, ते त्यांना हाकलणाऱ्यांच्या पेशींतही तसेच फिरत होते. ज्यूंचे ग्लुकोज निराळ्या रीतीने जळत नाही. १९५३ साली क्रेब्ज यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एखादा वाचक म्हणेल, "पाहा, विज्ञानाने मानवी समता सिद्ध केली!" मलाही पूर्वी असेच वाटे. परंतु याच कथेला दुसरी बाजू आहे. क्रेब्ज यांचे गुरू ओटो वारबुर्ग यांना पेशीतील श्वसन-विकराच्या संशोधनासाठी १९३१ साली नोबेल मिळाले होते. या विकरातील लोहाला सायनाइड जखडून टाकते. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. माणूस आतल्या आत गुदमरतो. आउशवित्झच्या छळछावणीत लाखो लोक ज्या वायूने मारले गेले, तो हायड्रोजन सायनाइडच होता. तत्त्वज्ञानाच्या विदुषी आणि पुढे कार्मेल मठवासिनी झालेल्या संत ईडिथ स्टाइन यांचा ऑगस्ट १९४२ मध्ये तेथेच अंत झाला.

ते विष सर्वांना सारखेच मारते, कारण सर्वांचा श्वास सारखाच आहे. मारणाऱ्यांना हे साम्य ठाऊक नव्हते काय? त्यांच्यात सुशिक्षित डॉक्टरही होते. म्हणजे साम्याचे ज्ञान एक आणि समोरच्याविषयी वाटणारा आदर दुसरा. पहिल्यातून दुसरा आपोआप उपजत नाही. समोरच्या माणसाची पेशी माझ्यासारखीच आहे, इतके विज्ञान मला निश्चितपणे सांगू शकते. त्या माणसाचे मी काय देणे लागतो, हे सांगणे त्याच्या कक्षेतले नाही. त्याचे उत्तर सदसद्विवेकबुद्धीला द्यावे लागते, आणि तेही रोज नव्याने.

आपण म्हणू, ती दूरदेशीची क्रूर माणसे होती. मला मात्र एक दुपार आठवते. काही वर्षांपूर्वी एका घरी गेलो होतो. मागे विहिरीचा गाळ काढण्याचे काम चालू होते. मला बशीसह चिनी मातीच्या कपात चहा आला. गाळ काढणाऱ्या मजुरांसाठी पडवीच्या वळचणीला वेगळे ठेवलेले अॅल्युमिनियमचे पेले काढण्यात आले. चहा एकाच पातेल्यातला होता. माझ्या ते ध्यानात आले. यजमान भले गृहस्थ, त्यांना अवघडल्यासारखे होईल, असा विचार करून मी निमूटपणे चहा संपविला. पेशी आणि श्वसन यांविषयी तेव्हाही मला आजच्याइतकेच ठाऊक होते.

त्या पेल्यांची आणि छळछावणीची तुलना मी करीत नाही. ती अन्यायाची होईल. परंतु माणसाला वेगळा काढण्याची पहिली पायरी बहुधा अशीच निरुपद्रवी दिसते आणि पाहणारा माझ्यासारखाच गप्प राहतो. विहिरीत उतरून दमलेल्या त्या मजुराचा श्वास माझ्यापेक्षा जलद चालला होता. त्याच्या पेशी माझ्या पेशींहून अधिक राबत होत्या. त्या दिवशी मी माझा कप त्याच्यापुढे करून त्याच्या पेल्यातून चहा घ्यायला हवा होता.