रुक्मिणीमातेचा रुसवा आणि देवाची पायपीट

पंढरीस येणारा भाविक श्रीविठ्ठलाच्या चरणी मस्तक टेकवून बाहेर पडतो आणि मंदिराच्या मागील बाजूस असलेल्या रुक्मिणीमातेच्या मंदिराकडे वळतो. गावोगावच्या मंदिरांतून विठ्ठल-रुक्मिणी एकाच सिंहासनावर शेजारी शेजारी उभे असतात. मग प्रत्यक्ष पंढरपुरातच मातेचे मंदिर वेगळे का, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. या प्रश्नाचे उत्तर देणारी कथा परंपरेने जपली आहे. आजच्या पती-पत्नींनी ती अवश्य मनन करावी अशी आहे.

कथा

एकदा राधा द्वारकेस आली. भगवंताने तिला मोठ्या प्रेमाने जवळ बसविले. तेवढ्यात रुक्मिणीमाता तेथे आली. राधा उठली नाही आणि देवानेही तिला उठण्यास सांगितले नाही. पट्टराणीच्या मनाला ते लागले. ती काही बोलली नाही, भांडली नाही. मुकाट्याने द्वारका सोडून ती निघाली आणि दूर दक्षिणेत, भीमेच्या तीरावरील दिंडीरवनात येऊन तपास बसली.

रुक्मिणी दिसेना, तेव्हा देवाला द्वारका सुनी वाटू लागली. गोपवेष घेऊन, गाई-गोपाळांसह तो तिच्या शोधार्थ निघाला. रानोमाळ हिंडत तो भीमातीरी पोहोचला. पंढरपूरच्या दक्षिणेस असलेल्या गोपाळपुरात त्याने गाई आणि सवंगडी ठेवले आणि दिंडीरवनात तो एकटाच गेला. तेथे मातेची भेट झाली, रुसवा निवळला. त्याच मुक्कामात देव भक्त पुंडलिकाच्या दारी गेला. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत मग्न होता. त्याने पुढे केलेल्या विटेवर देव उभा राहिला, तो आजही उभाच आहे.

आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी होणारा काला आणि दिंडीरवनातील लखुबाईचे मंदिर या कथेची आठवण जागी ठेवतात.

बोलावले तेव्हा आणि न बोलावता

देव रुक्मिणीसाठी दोनदा धावून आला. पहिल्या वेळी तिने स्वतः पत्र पाठविले होते. श्रीमद्‌भागवताच्या दशम स्कंधातील ५२ व्या अध्यायात ते पत्र आले आहे. ते वाचून देव विदर्भात कौंडिण्यपुरास गेला आणि तिला घेऊन आला. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेल्या या माहेराहून मातेची पालखी आजही आषाढी वारीस पंढरीस येते.

दुसऱ्या वेळी मात्र पत्र नव्हते, निरोप नव्हता. होते ते केवळ तिचे नसणे. पहिल्या वेळी देवाला हाकेने बोलावले, दुसऱ्या वेळी मौनाने. विवाहापूर्वी शब्द ऐकून धावणे सोपे असते. विवाहानंतर न बोललेले ऐकू येणे, हीच संसाराची खरी कसोटी होय.

आज पती-पत्नी दोघेही नोकरी-व्यवसायानिमित्त दिवसभर बाहेर असतात. सायंकाळी एका छताखाली येतात, तेव्हा शरीर थकलेले आणि लक्ष हातातील मोबाईलमध्ये असते. अशा घरात कोणी द्वारका सोडून जात नाही. दोघेही त्याच घरात राहतात आणि मनाने मात्र एखादे दिंडीरवनात जाऊन बसलेले असते. ‘काही झाले नाही’ हे उत्तर मिळाले की शोध संपला, असे समजू नये. खरे तर शोध तेथूनच सुरू व्हावा.

चूक कोणाची?

या कथेत निवाडा नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. राधा म्हणजे मूर्तिमंत भक्ती, तिच्याविषयी मत्सर कशाला, असे तत्त्वज्ञान देवाला सहज सांगता आले असते. परंतु आपण बरोबर आहोत हे पटवून देण्यासाठी देव निघाला नाही. तो निघाला तो तिच्यासाठी. ज्याला जगाने शोधावे, तो स्वतः शोधीत आला आणि त्यामुळे त्याचे देवपण तसूभरही उणे झाले नाही.

आपल्या घरांत ‘आधी कोण बोलणार’ या एका प्रश्नापायी आठवडेच्या आठवडे अबोल्यात जातात. पती म्हणतो, मी का नमावे? पत्नी म्हणते, दर वेळी मीच का? आधी बोलणारा हरला, ही समजूतच मुळात चुकीची आहे. जो आधी उठतो, तो त्या दिवशी देवाच्या वाटेने चालतो. तो पती असो वा पत्नी, पुण्य सारखेच. समजूत घालण्यास जाताना देवाने सवंगडी गोपाळपुरात मागे ठेवले, हेही विसरू नये. दोघांतील गोष्ट चारचौघांत, नातलगांसमोर उगाळू नये.

थट्टेची मर्यादा

भागवताच्या दशम स्कंधातील ६० व्या अध्यायात आणखी एक प्रसंग आहे. माता चवरी ढाळीत असता देव विनोदाने म्हणाला, ‘एवढे राजे तुला मागणी घालीत असता माझ्यासारख्या अकिंचनाला का वरलेस? अजूनही योग्य वर पाहा.’ ते ऐकताच तिच्या हातातील चवरी गळून पडली आणि ती मूर्च्छित झाली. देव तत्काळ पलंगावरून उतरला, तिला उचलून घेतले, तिचे डोळे पुसले. ‘एवढीही थट्टा कळत नाही का?’ असे म्हणून त्याने तिलाच दोष दिला नाही. शब्द थट्टेचा असला तरी घाव खरा असतो. माहेरावरून, मिळकतीवरून, रूपावरून केलेल्या विनोदाने जोडीदाराचा चेहरा उतरला, तर आधी पलंगावरून उतरावे. खुलासा नंतर करावा.

दोन गाभारे, एक पंढरी

रुसवा निवळला, तरीही मातेचे स्थान स्वतंत्रच राहिले. समेट म्हणजे एकाने दुसऱ्यात विरून जाणे नव्हे. पत्नीची स्वतःची मते, तिचे काम, तिचे माहेर यांना घरात सन्मानाची जागा असावी, तशीच पतीच्या आवडीनिवडींनाही. गाभारे दोन असले तरी वारी एकच होते आणि मातेच्या दर्शनावाचून ती पूर्ण झाली असे भाविकाला वाटत नाही.

मात्र एक भेद स्पष्ट असावा. रुसवा वेगळा आणि छळ वेगळा. मारहाण, अपमान, व्यसनापायी होणारी उपासमार मुकाट्याने सोसावी, असे ही कथा सांगत नाही. मान राखला गेला नाही म्हणून प्रत्यक्ष जगन्मातेने राजवाडा सोडला. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांचे साहाय्य घ्यावे, तसेच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मागावे. त्यात कोणताही अधर्म नाही.

विठ्ठलाच्या मंदिरातून मातेच्या मंदिराकडे जाताना दांपत्यांनी क्षणभर थांबावे. मनात काही सल असेल, तर तो येथेच एकमेकांस सांगावा. द्वारकेहून भीमातीरापर्यंत देव चालत आला. एकाच घरात बसलेल्या दोघांमधील अंतर त्याहून अधिक नसते.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥