‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार

अंगाने भरलेले मूल हे सुखी घराचे लक्षण होय, ही समजूत आमच्या समाजात फार जुनी आहे. तान्ह्या मुलाच्या बाळशाचे कौतुक होते. मूल किडकिडीत दिसले की दोष आईच्या माथी येतो. ही समजूत हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु तिचे मूळ पाहिल्यावाचून तिचा न्याय करणे आम्हास उचित वाटत नाही.

साताऱ्याकडील माण-खटाव आणि सांगलीकडील जत-आटपाडी हा अवर्षणाचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांपैकी कित्येक स्त्रिया आज आजी-पणजी होऊन नातवंडांस भरवीत आहेत. ज्यांनी रिकामे डबे पाहिले, त्यांना भरलेले ताट हाच मायेचा पुरावा वाटल्यास नवल ते काय? पुढे दिवस पालटले. सणासुदीचे गोडधोड अनेक घरांत रोजचे झाले. दुष्काळ सरला, पण दुष्काळाने लावलेला आग्रह मागे राहिला.

या आग्रहाची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पोट भरले की मूल तोंड फिरविते. मग एक घास काऊचा, एक चिऊचा. आणि हल्ली त्याच्यापुढे मोबाईल धरून, त्याचे लक्ष चुकवून आणखी चार घास. रडले तर बिस्किट, शहाणे झाले तर पेढा. अशा रीतीने भूक ही पोटाची गोष्ट न राहता वडीलधाऱ्यांची मर्जी राखण्याची गोष्ट होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जे संशोधन केले, ते येथे विचारात घेण्याजोगे आहे. तेथील अर्भकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे ३.५ किलो. आमची बाळे लहान खरी. परंतु स्नायू बेताचे असूनही त्यांच्या अंगी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा मुलास घाईने गुबगुबीत करणे म्हणजे त्याच्या पुढील आयुष्यात मधुमेहाला वाट करून देणे होय.

यावर कोणी म्हणेल, ‘अजून कितीतरी मुले अर्धपोटी आहेत, त्याचे काय?’ आक्षेप खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली शेकडा १.९ होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ झाले, आणि याच दुसऱ्या पाहणीत शेकडा ३६ मुले कमी वजनाची आढळली. म्हणून ‘कमी वाढा’ असा सरसकट उपदेश करणे अन्यायाचे होईल. आमचे म्हणणे निराळे आहे. ताटात काय वाढावे आणि केव्हा, हे वडिलांनी ठरवावे. कारण ते मुलास कळत नाही. परंतु किती खावे हे मात्र त्याच्या पोटास कळते. त्याचे ‘पुरे’ मोडून काढणे म्हणजे त्याच्या देहाची साक्ष खोटी ठरविणे होय. आणि ज्याची साक्ष रोज खोटी ठरते, तो पुढे स्वतःवर विश्वास कसा ठेवणार?

या उपदेशास आचरणाची जोड मात्र हवी. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. परंतु ते स्वतः नित्य नमस्कार घालीत, म्हणून त्यांच्या शब्दास वजन होते. त्या संस्थानाचा बहुतेक मुलूख आज सातारा व सांगली याच दोन जिल्ह्यांत आहे. तेथील घरांनी त्यांचे एवढे अनुकरण करावे: मुलास खेळावयास पाठविण्यापूर्वी आपण खाटेवरून उठावे, आणि पाहुण्यास वाढतानाही त्याचा आडवा हात एकदाच मानावा. मूल ते पाहत असते.