चार पानं अळीची

झेंडू, झिनिया, कॉसमॉस फुलले की मकरंदासाठी फुलपाखरं येतातच. पण त्यांनी मुक्काम करावा, तर लिंबाचं नाहीतर कढीपत्त्याचं झाड हवं. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेलं नीलवंत अंडी घालतं ते लिंबाच्या जातीच्या झाडांवर. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर नीट न्याहाळा. ती त्याची अळी असू शकते. कृपा करून फवारा मारू नका, चार पानं तिला खाऊ द्या.

मकरंदाची फुलं पुढच्या वर्षीही हवीत, तर झेंडूचं फूल झाडावरच वाळू द्या. मग चुरगाळून निघालेल्या लांबट काळ्या बिया सावलीत सुकवून कागदी पुडीत बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल राहिली तर बुरशी धरते. मृगाच्या सरी आल्या की पेरा, आणि एक पुडी शेजारीही द्या.