सोसण्याचा जमाखर्च

सुखदुःखे समान मानावीत हा उपदेश आपल्याकडे इतक्या पिढ्या आणि इतक्या अधिकारवाणीने होत आला आहे की, समत्व म्हणजे नेमके काय, ते कोणी साधायचे आणि त्याचा खर्च कोणाच्या खाती पडतो, असे विचारणेच जणू अश्रद्धेचे लक्षण ठरावे. मला हे प्रश्न अगत्याचे वाटतात. आणि त्यांचा उलगडा करताना ग्रंथांच्या जोडीने, नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका जुन्या बोलेरोने मला मोठे साहाय्य केले आहे.

या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप मी घराच्या अंगणात स्वतः बदलले. मागच्या बाजूस कमानपाटे असल्यामुळे हे काम गृहस्थाच्या आवाक्यातले आहे. ज्या गाड्यांत शॉकअपभोवतीच दाबलेली स्प्रिंग असते, तेथे ते घरी करण्याच्या भरीस कोणी पडू नये, कारण तशी स्प्रिंग अवचित सुटली तर ती जिवावर बेतते. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे, पुढच्या चाकांना दगडांची ओट द्यावी, गाडी उचलून चासी लोखंडी स्टँडवर टेकवावी, आणि केवळ जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये, एवढी दक्षता घेतली की उरलेले काम पान्याचे आणि धीराचे. काढलेल्या शॉकअपच्या अंगावर, आतून पाझरलेल्या तेलात त्र्यंबकेश्वराच्या रस्त्याची धूळ बसून काळा चिकट थर जमला होता; हाताने दाबताच तो काहीही विरोध न करता आत गेला आणि तसाच पडून राहिला. नवा शॉकअप मात्र, आतली हवा निघून जावी म्हणून बसविण्यापूर्वी उभा धरून वरखाली करताना, प्रत्येक वेळी हाताला ठामपणे अडवीत होता. दाबताना अडवीत होता आणि ओढतानाही.

धक्का झेलण्याचे श्रेय आपण शॉकअपला देतो, परंतु खड्ड्याचा आघात प्रथम अंगावर घेतो तो पाटा. तो ती शक्ती क्षणभर साठवतो आणि लगेच परत करतो, म्हणूनच त्याच्या एकट्याच्या हवाली गाडी केली तर एक खड्डा ओलांडल्यावरही ती पुढे कितीतरी अंतर उसळत राहते. शॉकअपच्या नळकांड्यात पिस्टनला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. त्यांतून तेल रेटले जाते आणि त्या घर्षणात उसळीच्या शक्तीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहावा, तो तापलेला असतो. आघात नाहीसा झालेला नसतो. तो कोणाच्या तरी अंगात मुरलेला असतो. उलट, तोच शॉकअप अवाजवी कठीण केला तर चाक रस्त्याचा चढउतार अनुसरीनासे होते, खडबडीत जागी रस्ता सोडून उडते, आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो.

स्थितप्रज्ञाविषयीचा रूढ समज मला येथेच चुकलेला दिसतो. ज्याला काहीच लागत नाही, ज्याचे चित्त पाषाणासारखे झाले आहे, तो स्थितप्रज्ञ, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि तिच्या समर्थनार्थ गीतेतील कासवाचा दृष्टांत पुढे केला जातो. परंतु अर्जुनाचा मूळ प्रश्न पाहावा: असा पुरुष बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. त्याची पृच्छा वर्तनाविषयी आहे, आणि उत्तर देताना भगवंत कासवापाशी थांबत नाहीत. रागद्वेषांपासून मोकळ्या इंद्रियांनी विषयांमध्ये वावरणाऱ्यालाच प्रसन्नता लाभते, असे ते पुढे स्पष्ट सांगतात. वावरणे आले की खड्डे आले, आणि खड्डे आले की चाक हलणारच. मन हलले की नाही, ही समत्वाची परीक्षाच नव्हे. हललेले मन किती वेळात ठिकाणावर येते आणि येताना दुसऱ्या कोणाला किती हिसके देते, ही परीक्षा आहे.

मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी टेकडीवर जी चोवीस लेणी आहेत, त्यांत राहिलेल्या भिक्षूंच्या परंपरेने जडतेलाच समत्व समजण्याचा हा धोका फार बारकाईने ओळखला होता. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्खा (म्हणजेच समत्व) या चार ब्रह्मविहारांची चर्चा करताना पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात प्रत्येक गुणाचा एक दूरचा शत्रू सांगितला आहे आणि एक जवळचा. उपेक्खेचे दूरचे शत्रू राग आणि द्वेष, तर जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून येणारी बेफिकिरी, जी बाहेरून अगदी समत्वासारखीच दिसते. गळून रिकामा झालेला शॉकअपही उभ्या गाडीखाली नव्याइतकाच शांत दिसतो!

शॉकअप बदलण्याच्या कामातील आणखी एक गोष्ट मला ग्रंथांच्या तोडीची वाटते. शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. गाडी अधांतरी असताना त्यांचे नट नुसते हाताने बसवायचे असतात आणि ते पक्के आवळायचे असतात गाडी चाकांवर उतरवून, तिचा पुरा भार पडल्यावरच. अधांतरी आवळलेले रबर भार येताच पिळले जाते आणि मुदतीआधीच फाटते. एकांतात, भरल्या पोटी, कसलीही तोशीस नसताना केलेल्या शांतीच्या निश्चयांचे असेच होते. गीता सांगितली गेली ती दोन सैन्यांच्या मध्ये. आणि स्थितप्रज्ञाच्या अठरा श्लोकांवर विनोबांनी १९४४ साली प्रवचने दिली ती सिवनीच्या तुरुंगात.

येथवर समत्वाची बाजू झाली. परंतु त्याच्या नावाने जो अन्याय राजरोस चालतो, त्याची फिर्याद दाखल केल्याशिवाय हा विचार मला अपुरा वाटतो. शॉकअप खड्डा बुजवीत नाही. तो बुजविणे ज्यांचे काम आहे त्यांची जबाबदारी चांगल्या शॉकअपमुळे माफ होत नाही. नाशिकला हे निराळे सांगावे लागू नये. २ मार्च १९३० रोजी पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले, तरी त्यांनी शांती सोडली नाही आणि मागणीही सोडली नाही. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पंचवटीच्या त्या माणसांपाशी जे होते त्याला मी समत्व म्हणतो. आणि जे त्यांना सबुरीचा सल्ला देत होते त्यांच्यापाशी, माझ्या मते, ते नव्हते.

घरातला मामला याहून अवघड, कारण तेथे दगड दिसत नाहीत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्याच कारागृहात. आपण त्या आईच्या सोशिकतेपुढे नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे. पण घरावर आलेला प्रत्येक आघात अंगात मुरवता मुरवता तिचा देह झिजून जातो, हेही त्याच पुस्तकात आहे, आणि ते वाचताना डोळे पुसण्यापलीकडे आपण फारसे जात नाही. स्वतःहून पत्करलेली तितिक्षा हे तप आहे. दुसऱ्याकडून वसूल केलेली तितिक्षा ही सक्तीची वेठ आहे, मग तिला कितीही पवित्र नाव द्या. ज्या घरात वडील संतापी आणि आई शांत, ज्या कचेरीत साहेब तापट आणि शिपाई नम्र, तेथे शांतीचा वास आहे असे म्हणणाऱ्याने, तापलेले कोण आहे ते एकदा हात लावून पाहिलेले नसते.

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, असा कारागिरांचा दंडक आहे. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला राहिला तर गाडीच्या दोन बाजू दोन तऱ्हांनी वागतात आणि वळणावर तिचा तोल बिघडतो. तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, आपल्या घरात ज्या कोणाच्या शांत स्वभावाची वाखाणणी होत असेल, त्या व्यक्तीकडून आज तिच्या वाट्याच्या कामांतले एखादे मागून घ्यावे, आणि ते परत देऊ नये.