माझ्या वाट्याचं गाणं

सिकलसेलचं दुखणं ज्यानं जवळून पाहिलेलं नाही, त्याला ते सांगून कळत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग सांधे, पाठ, छाती अशी ठणकते की तरणाताठा मुलगा आईचा पदर मुठीत धरून ओरडतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, त्यामुळे लग्न ठरताना कुणाला पत्ताही नसतो. मी नवापूर तालुक्यात परिचारिका म्हणून आयुष्य काढलं. माझा धाकटा मुलगा याच आजारानं, विशी गाठायच्या आत गेला. ख्रिस्तावरच्या विश्वासातून मिळणाऱ्या आनंदाबद्दल मी लिहिते आहे, ते हे सगळं धरून.

विश्वास ठेवा, दुःख जाईल, असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं की मला राग येतो. मुलगा आजारी असताना बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं मला ऐकवलं होतं, ‘ताई, घरात विश्वास कमी पडतोय.’ आई-बापांच्या रक्तातून आलेला आजार, आणि त्याचा जाब आईच्या विश्वासाला! असल्या आनंदाला बरं होण्याची अट असते. बरं झालं नाही की आनंद जातोच, वर अपराधीपणाचं ओझं डोक्यावर येतं. कितीतरी आया ते ओझं घेऊन माझ्यापुढं बसल्या आहेत. मी त्यांना एकच सांगते, की हे शास्त्रात नाही.

शास्त्रात काय आहे? पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं ते कैदेतून, आणि त्यात आनंद करा असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. त्याच पत्रात एपफ्रदीत नावाचा एक माणूस भेटतो. मंडळीनं दिलेली मदत घेऊन तो पौलाकडं आला आणि मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. तो गेला असता तर आपल्या दुःखात भर पडली असती, हे पौल मोकळेपणी कबूल करतो. एपफ्रदीताला कुणी अविश्वासू म्हणत नाही. पुढं युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं पटत नव्हतं, त्यांनी एकमेकींशी जुळवून घ्यावं अशी विनवणी येते, आणि आनंदाची आज्ञा लगेच तिच्या पाठोपाठ. आजारी पडणाऱ्या, भांडणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या अशा सगळ्या माणसांना मिळून हे पत्र लिहिलेलं आहे. ही आज्ञा माझ्या एकटीच्यानं पाळली गेली नसती. मंडळीला ती पाळता येते. माझा सगळा भरवसा या एका गोष्टीवर उभा आहे.

मुलाला मातीत ठेवलं त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. रात्री पाड्यावरची माणसं ढोलक, टाळ, डफली घेऊन आमच्या अंगणात आली. भातलावणीचे दिवस होते, कित्येकांच्या पायांना चिखल तसाच होता. त्यांनी पुनरुत्थानाची गाणी म्हटली, मराठीतली म्हटली, मावचीतली म्हटली. माझ्याशेजारी मंडळीतल्या एक काकी बसल्या होत्या. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्यांच्या अंगणात मी गायले होते. आता त्या माझ्या अंगणात गात होत्या. मला त्या रात्री आनंद वाटला नाही, हे स्पष्ट लिहिते. पण माझ्या घरात आनंदाची वार्ता सांगितली जात होती, आणि त्यासाठी माझ्या आवाजाची गरज पडली नाही. पुढं बरेच महिने मी उपासनेत नुसती बसून असे. ‘बाई, गा ना’ असं कुणी म्हटलं नाही. मग एका रविवारी गाणं निम्मं झालेलं असताना लक्षात आलं की मीही गाते आहे. दुःख गेलं नव्हतं. ते अजूनही गेलेलं नाही.

२००६च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, शेड ओस पडल्या आणि तिथं रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांची चूल अडली. त्या दिवसांत आमच्या पाळकसाहेबांनी हबक्कूक काढला. अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, वाड्यात जनावर नाही, तरी देवाच्या ठायी आनंद करीन म्हणणारा तो संदेष्टा. वाचन संपल्यावर पाळकसाहेबांनी भाषण केलं नाही. कुणाच्या घरी किती दिवसांचं धान्य आहे, हे त्यांनी विचारलं आणि तांदूळ-तूर वाटून घ्यायचं ठरवलं. हबक्कूकचा याहून चांगला अर्थ मी ऐकलेला नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडं जातात. नाताळला इथले बाक रिकामे राहतात. पण तिकडं उसाच्या फडाशेजारी, पालांमध्ये, दिवसभर कोयता चालवून आलेली माणसं प्रार्थनेला बसतात. मंडळी म्हणजे इमारत नव्हे हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

दुःखातल्या माणसाला मंडळी धरून ठेवते म्हटलं की मला पंडिता रमाबाईंची आठवण नेहमी होते. आई-वडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, आणि १९२१मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा. रमाबाई तेव्हा केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, आणि १९२४मध्ये ते बायबल त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. लोक याला रमाबाईंची जिद्द म्हणतात, ती होतीच. पण त्यांच्या भोवती दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या, आणि त्या रोज प्रार्थनेला जमत. लेक गमावलेल्या आईला त्या घरानं धरून ठेवलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

दुःखातल्या माणसाला गाऊन धरून ठेवणं फक्त आम्हा ख्रिस्ती लोकांना येतं, असं मी म्हणणार नाही. १९३०च्या दशकात आमच्याच जिल्ह्यातल्या सातपुड्यात गुलाम महाराजांच्या आरतीला आदिवासींची गर्दी लोटत असे, लोक दारू सोडत, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान देत. माझ्या आजीच्या पिढीनं ते पाहिलं. मला ख्रिस्ताशी बांधून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. कुणी हिरावून घेणार नाही असा आनंद त्यानं शिष्यांना देऊ केला तो पकडला जाण्याच्या रात्री, आणि कबरेतून उठल्यावरही त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमाला त्यानं ते दाखवले. व्रण पुसून आलेला प्रभू असता तर मी त्याच्यापुढं माझा मुलगा घेऊन गेले नसते.

मंडळीत सध्या एक तरुण आई येते, तिच्या मुलीला सिकलसेल आहे. मागं तिनं मला बाहेर थांबवून विचारलं, ‘सिस्टर, माझ्या तोंडून गाणं निघत नाही. तरी येऊ का?’

मी म्हटलं, ‘ये बाई. गायचं आमच्याकडं. तू नुसती बस.’

ती येते, मुलीला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसते. काकी तिच्याशेजारी सरकून बसतात. मुलीला हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं आहे. माझ्या मुलाच्या वेळी हे औषध इथं सहज मिळत नव्हतं. थंडीत तिला ऊब हवी, पाणी भरपूर प्यायला हवं, ताप आला की अंगावर काढायचा नाही, हे सगळं मी तिच्या सासूलाही समजावलं आहे. धाकट्या दिराचं लग्न ठरतंय, त्याची आणि त्या मुलीची रक्ततपासणी आधी करून घ्या म्हणून मी पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाणार आहे.