अपरिचिताचे दान आणि भिक्षेचा धर्म

मुंबईच्या परळ भागात के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालापासून आणि त्याच्या जवळच कर्करोगाचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालापासून रुग्णसेवा करीत आहे. विदर्भ-मराठवाड्यापासून थेट बिहार-बंगालपर्यंतचे रुग्ण तेथे येतात. उपचार आठवड्यांचा, कित्येकदा महिन्यांचा असतो. गाठीचा पैसा त्याआधीच सरतो. ज्यांना धर्मशाळेत जागा मिळत नाही ती कुटुंबे रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकतात. सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी तेथे येऊन खिचडी, पोळी-भाजी, दूध किंवा फळे वाटून जातो. देणाऱ्याला घेणाऱ्याचे गाव ठाऊक नसते, घेणाऱ्याला देणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी दोघे रस्त्यात समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखतीलच असे नाही. अशा क्षणिक व्यवहाराचे नैतिक मोल काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या संबंधात दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, अपरिचितावर केलेली दया ही सर्वांत स्वस्त दया होय. आप्ताचे दुखणे काढावयाचे तर वर्षे जातात, रुसवेफुगवे सोसावे लागतात. अनोळखी माणसाच्या हातावर पोळी ठेवून घरी गेले की कर्तव्य संपले. दुसरा आक्षेप साधकाच्या बाजूने येतो. परोपकार हा प्रपंचातला व्यवहार आहे. ज्याने ईश्वरप्राप्तीसाठी अनुसरण केले त्याने या देण्याघेण्यात का गुंतावे? दोन्ही आक्षेपांत सत्याचा अंश आहे, म्हणून त्यांना वरवरचे उत्तर देऊन भागणार नाही.

पहिल्या आक्षेपाची परीक्षा एका प्रसंगावरून करता येते. दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला तो सुमारे ७३ मिलीमीटर होता. म्हणजे दक्षिणेकडे, गिरगावच्या बाजूला, नेहमीचा पावसाळी दिवस होता आणि उपनगरे पाण्याखाली होती. लोकलगाड्या बंद पडल्या. कचेऱ्यांतून सुटलेली माणसे लालबाग, परळ, दादर या वाटेने उत्तरेकडे पायी निघाली. हिंदमाताचा सखल भाग तर थोड्या पावसातही तुंबणारा. त्या रात्री वाटेवरच्या चाळींतून माणसे खाली उतरली. कोणी चहाचे पातेले रस्त्यावर आणले, कोणी बिस्किटांचे पुडे वाटले, कोणी दोर धरून पाण्यातून वाट दाखवली, कोणी परक्या बायामुलांना आपल्या एका खोलीत रात्रभर जागा दिली. हे स्वस्त होते काय? ज्याची सबंध खोली दहा बाय बाराची आहे, त्याने त्यातली निम्मी अनोळखी माणसांना दिली तर त्याने निम्मे घर दिले, असेच म्हणावे लागेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. आप्ताला देताना परतफेडीची आशा असते, निदान नात्याचा दाब असतो. शेजाऱ्याला देताना लौकिकाचा विचार असतो. त्या रात्रीच्या वाटसरूकडून यांपैकी काहीच मिळण्याजोगे नव्हते. तो सकाळी निघून जाणार आणि पुन्हा दिसणार नाही, हे देणाऱ्याला पक्के ठाऊक होते. दानातून फलाची अपेक्षा काढून टाका असे शास्त्र सांगते, आणि ते आयुष्यभर साधत नाही. येथे मात्र प्रसंगानेच ती काढून टाकली होती. म्हणून अपरिचितावरची दया स्वस्त नसून तिच्यात मोबदल्याचे स्थानच रिकामे असते, हे पहिल्या आक्षेपाचे उत्तर होय. अर्थात ती जागा माणूस पुन्हा भरू शकतो. मुंबईत जुन्या दगडी पाणपोया आहेत. त्यांतल्या पुष्कळांवर दात्याचे किंवा त्याच्या दिवंगत आप्ताचे नाव कोरलेले दिसते. तहानलेल्याला पाणी मिळाले, त्यात दोष नाही. परंतु नाव कोरणाऱ्याने अनोळखी वाटसरूकडूनही स्मरणाचे मोल मागितले, एवढे खरे.

येथवर विचार देणाऱ्याचा झाला. प्रश्नाचा अवघड भाग घेणाऱ्याच्या बाजूला आहे. परळच्या पदपथावर बसलेला मनुष्य गावी शेतकरी असतो, शिक्षक असतो, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणारा कुळवंत असतो. रोगाने त्याला रांगेत उभे केले आहे. पहिल्या दिवशी परक्यापुढे हात पसरताना त्याच्या मनात जे होते ते भुकेपेक्षाही बोचणारे असते. त्याला अन्न देऊन त्याची मान खाली घालायला लावणे ही दया म्हणावी काय?

महानुभाव पंथाच्या वाचकाला या प्रश्नाचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना ओळखीच्या प्रदेशापासून दूर राहावयास, जेथे आपल्याला कोणी जाणत नाही तेथे जावयास आणि भिक्षान्नावर देह चालवावयास सांगितले. भिक्षुकाने ठरावीक घर धरू नये, पदार्थाची निवड करू नये, मिळाल्याचा हर्ष आणि न मिळाल्याचा विषाद मानू नये. म्हणजे रोज अपरिचिताच्या दयेवर जगावे, हाच त्याचा आचार. आता त्याच्या झोळीत पडणारे अन्न आणि भिकाऱ्याच्या थाळीत पडणारे अन्न एकाच चुलीवरचे असते. तरी गृहिणी भिक्षुकाला देताना उंबऱ्याशी येते, डोईवर पदर घेते, वाकते. भिकाऱ्याला ती दुरून टाकते. अन्न तेच, हात तोच. भेद केवळ दृष्टीचा. एकाला देताना ती स्वतःला धन्य मानते, दुसऱ्याला देताना त्याला दीन मानते.

भिक्षुकाने परावलंबन स्वेच्छेने पत्करलेले असते, म्हणून ते त्याचे भूषण ठरते. रुग्णावर ते ओढवलेले असते, म्हणून ते त्याला लाज वाटायला लावते. त्याच्या बाजूला जी स्वेच्छा नाही तिची उणीव देणाऱ्याने आपल्या आदराने भरून काढावयाची आहे. परळच्या पदपथावरच्या माणसाला भिकाऱ्यासारखे नव्हे, भिक्षुकासारखे दिले पाहिजे. त्याची जात विचारू नये, रोगाची चौकशी कुतूहलापोटी करू नये, वाटतानाचे छायाचित्र काढून घेऊ नये, आभाराची वाट पाहत उभे राहू नये. तो नको म्हणाला तर त्याचे नको म्हणणे ऐकून घ्यावे. ज्याला नकार देण्याचा अधिकार उरला आहे त्याचाच मान उरला आहे.

हा आदर गरिबांच्या मुंबईने एका वेगळ्या रीतीने सांभाळलेला होता. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे बहुधा चाळीतली एक खोली आणि तिच्यात रांधणारी एक बाई. कामगार महिन्याचा हिशेब महिन्याला चुकता करी. याच बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. दि. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले. पुष्कळ कामगार गावी परतले, राहिलेल्यांपाशी पैसा नव्हता, खानावळींची बिले थकली. अशा वेळी जिने उधारीवर ताट वाढले तिने वहीत आकडा लिहिला. तो आकडा वसूल होईल की नाही हे ती जाणत होती. तरी लिहिला, कारण वहीतल्या आकड्यामुळे जेवणारा ऋणको राहिला, याचक झाला नाही. परक्या गावचा पोर तिच्या हिशेबात अखेरपर्यंत देणेकरी म्हणून उभा होता. दयेने व्यवहाराचे रूप घेऊन माणसाची लाज राखली. दानाहून उधार श्रेष्ठ ठरावे असे प्रसंग असतात, हे सुज्ञांनी ध्यानात ठेवावे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळावयाचे. लीळाचरित्रात सशाच्या रक्षणाची लीळा प्रसिद्ध आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा स्वामींच्या आश्रयाला आला. पारध्यांनी तो मागितला; स्वामींनी शरणागताला सोडले नाही आणि पारध्यांच्या मनातलीही हिंसा काढली. त्यानंतर सशाला त्याच्या वाटेने जाऊ दिले. रक्षण केले म्हणून तो आपला, असा भाव तेथे नाही. साधकाला गुंतवते ती दया नव्हे. दयेनंतर उरणारे ममत्व त्याला गुंतवते. अभय द्यावे आणि सोडून द्यावे, एवढे ज्याला जमले त्याच्या साधनाला दया अडथळा होत नाही. ज्याला ते जमत नाही त्याने दया टाकण्यापेक्षा ममत्व टाकावयास शिकावे.

तथापि येथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दि. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. जखमींना के. ई. एम. मध्ये नेले, अनोळखी माणसांसाठी रक्त द्यावयास माणसे पुढे आली. ते त्यांना शोभलेच. पण पूल अरुंद आहे हे त्यावरून रोज जाणारा प्रत्येक जण जाणत होता. लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. तोपर्यंत २३ घरे उजाड झालेली होती. अपघातानंतर उफाळणारी दया जर अपघाताआधीच्या कर्तव्याची जागा घेऊ लागली, तर ती समाजाला झोप आणणारे औषध होते. पदपथावर खिचडी वाटणाऱ्याने मनाशी हेही विचारावे की, हा मनुष्य पदपथावर का आहे.

ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंनी पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांची विनवणी ऐकली तेव्हा त्यांना एक घागर पाणी देवविले नाही. त्यांच्यासाठी विहीर झाली. घागरीने आजची तहान भागते आणि उद्या पुन्हा याचना करावी लागते. विहिरीने याचनाच संपते. त्याच अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा परगावच्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना अल्प खर्चात आसरा देते. जेथे छप्पर आणि चूल मिळते तेथे रुग्णाची आई स्वतःच्या हाताने भाकरी थापू शकते. परक्याच्या दयेचा हा सर्वोच्च प्रकार होय, कारण तो घेणाऱ्याला पुन्हा देणारा होण्याची संधी देतो.

तेव्हा निष्कर्ष असा. अपरिचिताला द्यावे ते परतफेडीची आशा न ठेवता, आदराने आणि शक्य तर त्याची याचना संपेल अशा रीतीने. वासनिकांनी परळच्या वाटेने जाताना भिक्षुकाला वाढण्याची आपली नित्याची सवय त्या पदपथावरही न्यावी. तेथे नवे काही शिकावयाचे नाही. आणि भिक्षुकांनीही एक विचार अवश्य करावा. मठात ओळखीच्या घरांतून वेळेवर अन्न येऊ लागले की अनोळखी दारापुढे उभे राहण्याचा संकोच विसरला जातो. तो संकोच ज्याला आठवतो त्यालाच रांगेतल्या रुग्णाच्या खाली गेलेल्या मानेचा अर्थ कळतो. श्रीचक्रधरस्वामींनी भिक्षा लावून दिली ती पोट भरण्याची सोय म्हणून नव्हे. घेणाऱ्याच्या जागी रोज उभे राहिल्याखेरीज देण्याचा धर्म समजत नाही.